गच्चीवरच्या गवती चहाचं तेल

शुक्रवार संध्याकाळ, नेरूळ

आजच्या बोटभर तेलाची खरी किंमत: गच्चीवरचा सगळा गवती चहा, पानं वाफवायला लागलेला अर्धा सिलिंडर गॅस आणि सुलभाचा दिवसभराचा अबोला. आणि मी आमचा साबण विकणाऱ्या दुकानदाराला आधीच सांगून बसलोय, "यापुढे तेल आमच्या घरचं. उरणच्या ताईकडून घेणं बंद."

दुपारी ताईच आली. बाटली नाकाशी धरली आणि आत सुलभाकडे गेली. पण स्वयंपाकघरातली कुजबुज मला हॉलमध्ये स्वच्छ ऐकू आली.

"सुलभा, याला लिंबाचा वास कुठं हाय गं?"

"काय सांगू ताई, पोरासारखा जपलाय यांनी. दोनदा पाणी, खत, वर सावलीला ती हिरवी जाळी."

"म्हनून नुसता माजलाय."

ठोंब तर ताईच्याच अंगणातला. मग वास गेला कुठे? विचारलं तर हसली. "माज्याकडं दिवसभर ऊन. पानी घालायचं मी इसरूनच जाते."

म्हणजे पानातला लिंबाचा वास ऊन तयार करतं? की तहानलेलं झाड तेल जास्त धरतं? का समुद्राचा वारा? मला वाटतं, जाळीच. पण पाणीही असेल... नवे फुटवे आले की दोन कुंड्या वेगळ्या काढायच्या. एक जाळीखाली, एक उघड्यावर, पाणी दोन्हींना सारखं. तोपर्यंत डोक्यातून ती जाळी जायची नाही.

सोमवारी दुकानात साबणाचा नमुना द्यायचाय. त्यात ताईचंच तेल घातलंय.