डिस्कवरचं कुंकू

ऊर्जानगर, रविवार, संध्याकाळ

कुंकू मी पुसलं. हो, पुसलं, आणि वेळ आली तर पुन्हा पुसीन.

सकाळपासून क्वार्टरसमोर बसून कारच्या पुढच्या चाकांना नव्या ब्रेक डिस्क मीच बसवल्या. हात धुवायला आत गेले तेवढ्यात सासूबाईंनी, नवी वस्तू आली म्हणून, दोन्ही डिस्कवर तेलात कालवलेलं कुंकू लावलं. ब्रेकवर तेल. ब्रेक साफ करायचा स्प्रे मारून, फडक्यानं घासून सगळं काढलं.

"सवाष्ण असून कुंकू पुसलं तुनं? माहा पोरगा ह्याच गाडीनं ड्युटीले जाते."

"म्हणूनच पुसलं, आई. तेलानं ब्रेक लागत नाई."

त्यांचा पोरगा, म्हणजे माझा नवरा, शेजारीच उभा होता. तो मोबाइल बघत राहिला.

मग चाकं चढवून एकटीच घुग्घुस रोडला गेले. नवी डिस्क आणि तिला धरणारे पॅड एकमेकांवर नीट बसावे लागतात. वेग घ्यायचा, ब्रेक दाबून कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग. कोळशाच्या ट्रकवाल्यानं ओलांडून जाताना खिडकीतून ऐकवलं, "शिकून राह्यली का बाई?" मी पुन्हा वेग घेतला. शेवटी ब्रेक असा लागला की गाडी कुठल्याच बाजूला न ओढता सरळ रेषेत हळू झाली.

घरी आले तर सासूबाई तोंड फिरवून बसलेल्या. कुंकवाची वाटी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, बॉनेटवर लावा, हवं तेवढं. त्यांनी वाटीला हात लावला नाही.

माझ्या नखात अजून लाल आहे. राहू दे. उद्या ह्यांना ड्युटीवर मीच सोडणार, आणि मागच्या सीटवर आईंना बसवणार.