आमच्या शाळेतला एकुलता एक गोरा समाज

डोरीनताई,

थोरलीला धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात वाकले असं समज). तुझा गुडघा कसा आहे? भाओजींनी बिअर सोडली का? डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे सोडली असेल, असं म्हणायला मी काही त्यांना आज ओळखत नाही. इकडे मिलवॉकीत मार्च आला तरी अंगणात बर्फ तसाच. मला लिहायचा कंटाळा, तुला ठाऊक आहे. नववीत शाळा सोडली ती लिहायला लागू नये म्हणूनच. पण फोनवर सांगायला लागले की तू मध्येच तुझ्या पित्ताशयाची गोष्ट काढतेस, म्हणून हे पत्र.

तर माझा नातू डेक्लन. त्याला सोडतीत नंबर लागून ही चार्टर शाळा मिळाली, हे तुला सांगितलंच होतं. पैसा सरकारी, पण कारभार शाळेच्या मंडळाचा, आणि दर पाच वर्षांनी शहराकडून करार वाढवून घ्यायचा. निकाल वाईट लागले तर शाळेला कुलूप. यंदा ते पाचवं वर्ष. म्हणून मुख्याध्यापिका कासारेसबाईंनी गेल्या महिन्यात पालकांची सभा घेतली आणि भिंतीवर रंगीत पट्ट्यांचं चित्र लावलं: कुठल्या समाजाची मुलं गणितात किती पुढे. मेक्सिकन मुलांची पट्टी माझ्या खांद्याइतकी, काळ्या मुलांची तेवढीच, लाओसकडून आलेल्या ह्मोंग लोकांच्या मुलांची तर छताला टेकायची बाकी. आणि शेवटी गोऱ्या मुलांची. ती मला दिसलीच नाही. मला वाटलं, खाली भिंतीला काहीतरी लागलंय.

आता ताई, आमच्या शाळेत गोरा मुलगा एकच आहे. आपला. (आपल्या लहानपणी ही गल्ली पोलिश लोकांनी भरलेली होती, सगळे उपनगरात पळाले, मी तेवढी राहिले, कारण सामान बांधायचा कंटाळा.) दहापेक्षा कमी मुलं असली तर आकडा न देता तिथे चांदणी छापायची, असा नियम आहे म्हणे, पण चित्र काढणारा कारकून नवा होता. आणि आपल्या समाजाने डिसेंबरच्या चाचणीत काय केलं, तर प्रत्येक प्रश्नाला पहिलंच उत्तर दाबून तो मोकळा झाला. का, तर जो आधी संपवेल त्याला वर्गातल्या कासवाला खाऊ घालायला मिळणार होतं. कासव जेवलं. गोरा समाज बुडाला.

बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "गोरी मुलं मागे पडतायत, ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे." शेजारी ओफेलिया बसली होती (माझ्या वरच्या मजल्यावरची मेक्सिकन, मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाले पाठवते ती). मला कोपराने ढोसून म्हणते, "काय गं मार्जी, तुमच्या लोकांना झालंय तरी काय?" मी म्हटलं, "आमचे लोक बाहेर जिन्यावर चिप्स खातायत." मग वांग नावाचे एक भले ह्मोंग गृहस्थ उठले आणि म्हणाले, या लोकांना नावं ठेवू नका, माणसं कष्टाळू असतात, घरात वाचनाचं वातावरण नसतं एवढंच. अख्खी सभा माझ्याकडे वळून कळवळली. इतक्या मायेने माझा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

लगेच समिती नेमली. पालकांची प्रतिनिधी मी (दुसरं होतंच कोण?). समितीने ठरवलं की मुलाला पुस्तकात आपल्यासारखी माणसं दिसली पाहिजेत, म्हणून बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याचं पुस्तक मागवलं. डेक्लन म्हणाला, "आजी, हा कोण?" मग मला विचारलं, तुमच्या सणावारी घरात काय परंपरा असते? मी म्हटलं, टीव्हीवर फुटबॉल बघतो आणि भांडतो. तेही लिहून घेतलं.

इथवर मी हसत होते. पण परवा बाईंनी मला एकटीला खोलीत बोलावलं, कॉफी दिली, आणि मधाळ आवाजात विचारलं, डेक्लनला दुसरी एखादी शाळा जास्त मानवेल का? ताई, मी कप खाली ठेवला. तो गेला की ती बुडालेली पट्टीही गेली, हा हिशोब मला कळला. आधीच्या शाळेत हा पोरगा रोज सकाळी बस यायच्या आधी उलटी करायचा. इथे धावत जातो. संध्याकाळी मला आलेलं टपाल वाचून दाखवतो, अवघड शब्दाला अडतो, नाक ओढतो, पुन्हा सुरू होतो. इथून काढला तर तो पुन्हा त्या मोरीशी जाऊन उभा राहील, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, "बाई, तुमच्या माहितीपत्रकावर फोटो कोणाचा आहे? सगळ्या समाजांची मुलं एकत्र शिकतात, असं करारात तुम्हीच लिहून दिलंय ना? हा गेला की तुमचे गोरे संपले. मग काय, वांगसाहेबांच्या पोराला पीठ फासणार?" बाईंनी कपाळाला हात लावला, मग हसल्या, मग म्हणाल्या, "मार्जी, एप्रिलच्या परीक्षेत त्याला नुसते प्रश्न वाचायला लाव. बाकी सगळं येतं त्याला."

तर आता सगळं त्या एप्रिलवर आलंय. मी समजावलं, ओरडले, आईस्क्रीमची लालूच दाखवली. म्हणतो, "बघू." नऊ वर्षांचं कार्टं मला "बघू" म्हणतं!

बाकी सगळं ठीक. गुडघा शेकत जा, भाओजींवर डोळा ठेव.

तुझी,
मार्जी

ता. क. खरं तर पत्र लिहिलं ते यासाठी: तुझी नात ब्रिन परीक्षेपर्यंत माझ्याकडे पाठव. डेक्लनच्या वर्गात एक जागा रिकामी झाली आहे, मी विचारून ठेवलंय. ब्रिन हुशार आहे (स्वतःच सांगत असते), ती आली की आमच्या समाजाची सरासरी निदान जमिनीवरून उठेल. दर शुक्रवारी मासे तळून घालीन.

ता. क. २. पाठवू नकोस. पत्र टेबलावर होतं, ते डेक्लनने वाचलं. गेल्या उन्हाळ्यात तळ्यावर ब्रिनने पाढे म्हणवून घेतल्याशिवाय त्याला पाण्यात उतरू दिलं नव्हतं, ते तो विसरलेला नाही. रडवेला होऊन म्हणाला, "आजी, मी प्रत्येक प्रश्न वाचीन, दोनदा वाचीन, पण ती नको!" आणि खरंच गणिताचं पुस्तक उघडून बसलाय. तेव्हा ब्रिनला तिथेच ठेव. फक्त परीक्षा होईपर्यंत दर रविवारी फोन करत जा, आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचार: ब्रिनची बॅग भरून ठेवली आहे, पाठवू का?