सर्वांत निष्ठावंत निळा

ती. दादास,

धाकट्या मामेभावाचा कमरेत वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे सध्या निम्माच वाकलो, उरलेला समक्ष भेटीत.) तुमचे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यापासून वहिनींना घरातली धूळ दिसू लागली आणि तुमच्या हातात फडकं आलं, असं कानावर आलं. त्यात माझा दोष धरू नका. मी फक्त चष्मे करतो, डोळे उघडायचं काम डॉक्टरांचं. इकडे आम्ही सगळे ठीक. सौ.चा संधिवात थंडीपुरता येतो आणि जातो. मुलगी सुखात आहे. जावई तसा सालस, पण हजारो मैलांवरच्या कुठल्याशा फुटबॉल क्लबाचा भक्त आहे. त्या गावाचं नावही त्याला धड उच्चारता येत नाही, पण ते हरले की हा दोन दिवस जेवत नाही. मी त्याला एकदा विचारलं की बाबा रे, तुझा त्यांच्याशी संबंध काय? तर म्हणाला, मनाचा.

इतक्या वर्षांनी पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ही हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही. घरात बोललो तर सासरे ऐकतात आणि दुकानात बोललो तर गिऱ्हाईक ऐकतं. (गिऱ्हाइकाला दिसत नसतं, ऐकू मात्र सगळं येतं.)

तर झालं असं की आमच्या निळ्या क्लबाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली आणि कमिटीनं ठरवलं की सर्वांत निष्ठावंत पाठीराख्याचा सत्कार करायचा. सत्कार म्हणजे मुख्य गॅलरीतल्या एका खुर्चीवर पितळी पट्टी बसवून तिच्यावर त्याचं नाव कोरायचं. एवढ्याशा पट्टीसाठी गावात काय उलथापालथ झाली म्हणून सांगू. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत मैदानाचं तोंड पाहिलं नाही ते सकाळी दूध आणायलाही निळा मफलर गुंडाळून निघू लागले. आमचा न्हावी, जो गुणतक्त्यात वर असेल त्या क्लबाचा फोटो आरशाला लावतो (मागच्या बाजूला दुसऱ्या क्लबाचा फोटो चिकटवलेलाच असतो, नुसता उलटायचा), त्यानंही अर्ज केला.

अर्जासोबत आठवण लिहून द्यायची होती. आठवण अर्थात एकच, एकतीस वर्षांपूर्वीची फायनल. समोर तांबडा क्लब, शेवटचं मिनिट, एक-एक बरोबरी, आणि निळ्यांच्या डाव्या बॅकनं डोक्यानं मारलेला तो गोल. कमिटीच्या अध्यक्षा म्हणजे गणिताच्या निवृत्त बाई. त्यांनी सगळ्या आठवणी वाचल्या आणि हिशेब मांडला. त्या दिवशी निळ्यांच्या गॅलरीत जागा होती तीन हजारांची, आणि आठवणी आल्या चार हजार दोनशे. त्यातल्या अकराशे लोकांना मुसळधार पाऊस आठवत होता, बाराशेंना भाजून काढणारं ऊन, आणि एकशे सत्तर जण डाव्या बॅकच्या इतके जवळ होते की चेंडू येतोय हे त्यांनीच त्याला ओरडून सांगितलं होतं. पोस्टमननं लिहिलं की तो मोडलेला पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन आला होता. बेकरीवाल्यानं लिहिलं की तो स्वतःच्या लग्नातून उठून आला होता. (लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं, पण बायको काही बोलली नाही.) आणि मी लिहिलं, पूर्वेकडची गॅलरी, तिसरी पायरी, खांबाजवळ. जन्मापासून निळा.

आता तुम्ही हसाल. हसा. आपलं अख्खं घराणं तांबडं. काका तांबडे, आत्या तांबडी, तुम्ही तर आजही तांबड्यांच्या कमिटीवर. त्या फायनलला मी, चांगला मिशा फुटलेला घोडा, गर्दीत दिसेना म्हणून तुमच्या खांद्यावर बसून तांबड्यांच्या गॅलरीत होतो आणि तो गोल झाल्यावर ढसाढसा रडलो होतो. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि एकतीस वर्षं ते आपल्या दोघांतच राहिलं याबद्दल मी तुमचा आभारी आहे.

पण माझाही नाइलाज होता. फायनलनंतर आठच महिन्यांनी सौ. चष्मा करायला दुकानात आली. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, लाँड्रीवाले. निळ्यांच्या जर्सी, चड्ड्या, मोजे सगळं त्यांच्याकडे धुवायला जायचं. मी मागणी घालायला गेलो तेव्हा ते गोलकीपरची जर्सी इस्त्री करत होते. मान वर न करता त्यांनी एकच प्रश्न विचारला, फायनलला कुठे होतास? नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. इस्त्रीची वाफ, समोर निळा कपडा, दाराआड सौ. उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, पूर्वेकडची गॅलरी, तिसरी पायरी, खांबाजवळ. त्यांनी इस्त्री उभी केली आणि मला खुर्ची दिली.

तेव्हापासून ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की तो खांब मला खरोखर आठवतो. त्याचा रंग उडाला होता. शेजारी एक जाडा माणूस शेंगदाणे खात होता आणि गोल झाल्यावर त्यानं मला मिठी मारली. दादा, त्या माणसाच्या कोटाचा वास मला आजही येतो. आणि तो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता.

बरं, मी पक्ष बदलला म्हणावं, तर बदललं नाही कोण? तो डावा बॅक पुढच्याच हंगामात तुमच्या तांबड्यांकडे गेला, तिथून आणखी दोन क्लब फिरला, म्हातारपणी निळ्यांचा प्रशिक्षक होऊन परत आला, आणि आज फाटकाशी त्याचा पुतळा आहे. क्लबाचे मालक चार वेळा बदलले. निळा रंगसुद्धा बदलला. गाद्यांच्या कंपनीनं जर्सीवर नाव घातलं तेव्हा त्यांच्या गादीला शोभेल असा तो जांभळट करून घेतला. चिन्हातला घोडा गेला आणि त्याच्या जागी काहीतरी आलं, जे काहींना लाट वाटतं आणि काहींना उशी. या सगळ्यात ज्यानं बदलायचं नाही असा एकच माणूस, तो म्हणजे गॅलरीत बसणारा. हे मी आरशासमोर कितीदा तरी पटवून घेतलं आहे. पटतं, पण दाढी होईपर्यंतच.

मुख्य गोष्टीकडे येतो. रविवारी सकाळी क्लबाच्या हॉलमध्ये समारंभ होता. शेवटच्या यादीत आम्ही सहा जण उरलो होतो (अध्यक्षाबाई धरून, त्यांनी स्वतःचाही अर्ज टाकला होता). मी सासऱ्यांना (वय ब्याऐंशी, पण कपड्यावरचा डाग आजही चार हातांवरून ओळखतात) घेऊन वेळेवर पोचलो. आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजलो. बाईंनी हौसेनं एका वर्तमानपत्राकडून त्या गोलाचा जुना फोटो मागवून भिंतभर मोठा करून लावला होता. गोल झाला होता तांबड्यांच्या गॅलरीसमोर. त्यामुळे पुढे हवेत उडालेला डावा बॅक, आणि त्याच्यामागे, ताटाएवढ्या एकेका तोंडाची, तुमची आमची अख्खी गॅलरी. उजव्या कोपऱ्यात कमरेच्या उंचीवर तुम्ही, डोक्याला तांबडा रुमाल. आणि तुमच्या खांद्यावर मी, तोंड वासून रडणारा.

हॉलमधल्या निम्म्या लोकांचे चष्मे माझ्या हातचे आहेत. म्हणजे कुणालाही अंधुक दिसण्याची आशा नव्हती.

मी सासऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि सहज गेल्यासारखा भिंतीशी जाऊन त्या कोपऱ्याला पाठ लावून उभा राहिलो. चहा आला, नको म्हणालो. खुर्ची आली, पाठ धरली आहे म्हणालो (तेव्हा धरली नव्हती, नंतर खरोखरच धरली). पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की पोस्टमनही बसत नाहीये. तो माझ्या डावीकडे चार फुटांवर भिंतीला चिकटून, टाचा उंचावून उभा होता. त्याच्यापलीकडे बेकरीवाला दोन्ही हात कमरेवर ठेवून, कोपरं जास्तीत जास्त पसरून. त्याच्यापलीकडे दातांचे डॉक्टर. त्यांच्यापलीकडे आमचा भोंगेवाला, जो गेली वीस वर्षं प्रत्येक मॅचला निळा भोंगा वाजवून तुमच्या लोकांचे कान फोडतो. त्यानं आपला भोंगा छातीशी न धरता डोक्यामागे, एका विशिष्ट जागी धरला होता. आणि अगदी टोकाला, हातात भाषणाचा कागद, खुद्द गणिताच्या बाई.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पोस्टमन हळूच म्हणाला, “तुम्ही कुठे?” मी म्हटलं, “खांद्यावर. तुम्ही?” “मी खाली. कठड्याशी. बोंबलतोय.” एवढं बोलून आम्ही दोघं परत समोर बघू लागलो.

गावातले झाडून सगळे, चार हजार दोनशे जण, निळ्यांच्या गॅलरीत होते, म्हणजे तांबड्यांची गॅलरी रिकामीच असायला हवी होती, हे गणित बाईंच्या ध्यानात आधी कसं आलं नाही, हा विचार मला तेव्हा शिवला. आलं असणार. म्हणूनच त्यांनी ते मांडताना फक्त एकाच गॅलरीचं मांडलं.

फोटोग्राफर आला आणि म्हणाला, स्टेजवर चला. कुणी हललं नाही. सूत्रसंचालकानं तीनदा आमची नावं पुकारली. शेवटी सासरे मोठ्यानं म्हणाले, “हे सहा जण असे काय उभे आहेत? रंग ओला आहे का भिंतीचा?” सगळा हॉल आमच्याकडे बघू लागला. तेव्हा बाई खरोखर अध्यक्षा कशा झाल्या ते मला कळलं. त्यांनी जागेवरूनच, पाठ न हलवता, जाहीर केलं की निष्ठेची तुलना करणं हेच मुळात निष्ठेला शोभत नाही, म्हणून हा मान सहाही जणांना विभागून देण्यात येत आहे, आणि तो याच ऐतिहासिक भिंतीपाशी देण्यात येईल. टाळ्या झाल्या. गुच्छ आम्हाला जागेवर आणून दिले. आम्ही ते मागे धरले.

परतताना बसमध्ये सासरे खिडकीशी बसले होते. तीन थांबे गेले. मग म्हणाले, “फोटोत तांबडा रुमाल बांधलेला तुझा आतेभाऊ ना?”

मी हो म्हटलं.

“आणि तुझी तांबडी जर्सी माझ्याकडे धुवायला आली होती. तू मागणी घालायला आलास त्याच्या आदल्याच आठवड्यात. तिचा रंग गेला आणि गोलकीपरचे मोजे गुलाबी झाले. क्लबाला मी नवे घेऊन दिले.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“कॉलरवर आतून नाव होतं तुझं.”

“मग बोलला का नाहीत?”

“पोरीला पसंत होतास. आणि मला वाटलं, हा पोरगा तिच्यासाठी एवढं सोडतोय, तर बाकीचंही निभावेल. मी तुला गोष्ट सांगायला लावायचो ना पाहुण्यांसमोर, ती एवढ्यासाठीच. दर वेळी तू थोडा जास्त निळा व्हायचास.”

दादा, एकतीस वर्षं मी त्या माणसाला फसवतोय म्हणून त्यांच्यासमोर मान खाली घालून जेवलो. बसमध्ये मला रडू आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. इस्त्री केलेला, घडी न मोडलेला.

असो. पत्र लांबलं. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना पाठीवर थाप, आणि तुमच्या गुडघ्यांना माझ्याकडून शेक.

तुमचा,
धाकटा

ता. क. खुर्चीवर सहा नावं मावत नाहीत म्हणून नुसतं “निष्ठावंत” कोरलं आहे. माझी पाळी दर सहाव्या मॅचला. खुर्चीसमोर खांब आहे.

आणखी ता. क. यंदा निळे खालच्या गटात घसरले आणि तुमचे तांबडे पहिले आहेत, हे वाचनात आलं. पुढच्या वर्षी तांबड्यांनाही पंचाहत्तर होतात ना? तुम्हीही निष्ठावंताला खुर्ची देणार असाल. तुम्ही कमिटीवर आहात म्हणून सुचवतो, पुराव्यादाखल फोटो आहेच. इतकं खरं रडणारा दुसरा तांबडा तुम्हाला सापडायचा नाही. पत्र लिहायचं खरं कारण तेवढंच. सासऱ्यांना यातलं काही कळू देऊ नका.

(खालच्या कोऱ्या जागेत, वेगळ्या अक्षरात.)

भाऊजी, नमस्कार. पाकीट बंद करायला हे माझ्याकडे देतात, म्हणून चार ओळी. त्या फायनलच्या दिवशी हे मॅचला गेलेच नव्हते. गालगुंड झालं होतं, दोन्ही गाल सुजून घरात पडून होते. सासूबाईंनीच मला लग्नाच्या वर्षी सांगितलं. संध्याकाळी तुम्ही येऊन मॅच सांगितलीत, ती इतकी छान की हे उशीत तोंड खुपसून रडले. तुमच्या खांद्यावर त्या दिवशी कोण होतं ते तुम्हाला ठाऊक. मी फोटो पाहिला आहे, नाक यांचं नाही. पण यांना सांगू नका. रविवारपासून शांत झोपतात.