सायलीचे खडे

३ फेब्रुवारी २०२५

निरंजनने आज परत इंग्लंडची टिमकी वाजवली! त्याच्या बायकोच्या, मेधाच्या, पित्ताच्या पिशवीत खडे, आठ महिने झाले ऑपरेशनच्या रांगेत — आणि हा धाकटा भाऊ तिकडून व्हिडिओ कॉलवर मलाच शिकवतो. "दादा, इथे सगळं सरकारी. उशीर होतो, पण एक पैसा लागत नाही." म्हटलं, आमच्या हिंजवडीजवळच्या चांद्यात कुत्रं आजारी पडलं तरी त्याच दिवशी डॉक्टर मिळतो. "मग वहिनीला का नेत नाहीस?" सायलीला कळा येतात हे आईने सांगितलं असणार. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

५ फेब्रुवारी

सायली मला न विचारता सरकारी दवाखान्यात जाऊन आली! तिथे हिलाही खडेच सांगितले. "पित्ताची पिशवी काढावी लागंल म्हनत्यात. पुढल्या महिन्यात नंबर लावलाय. फुकाट हुतंय."

म्हणजे तिथल्या बाकावर बसलेल्या माझ्या बायकोला सगळे भाऊबंद बघणार! भाड्याच्या आठ खोल्यांचा मालक मी. हिंजवडीच्या कंपन्यांतली भाडेकरू पोरं मला अंकल म्हणतात. तिचा तो सोनोग्राफीचा कागद बंबात घातला. रडली. रडू दे.

७ फेब्रुवारी

मारुंजीकडचं नवीन हॉस्पिटल. काचेची दारं, एसी, आत शिरताच पाणी विचारतात. डॉक्टरांना म्हटलं, हिची पिशवी काढायची आहे. मुलं किती, विचारलं. दोन. "मग हरकत नाही." त्यांनी स्वतः तिची तपासणी केली — "पिशवीला सूज आहे, काढलेलीच बरी." परवा ऑपरेशन!

निरंजनला लगेच कळवलं. तिकडे आठ महिने, इकडे दोन दिवस! तर म्हणतो कसा — "दादा, इथे कापलं काय नि नाही कापलं काय, डॉक्टरचा पगार तेवढाच. म्हणून उगाच कापत नाहीत. आणखी एकाला दाखव." जळतो मेला.

९ फेब्रुवारी

झालं एकदाचं. आत नेताना सायली माझा हात सोडेना. "अवो, दुखतंय वर, बरगडीखाली. आन् ही शिस्टर बेंबीच्या खाली पुसतीया. इचारा की!" सगळे बघत होते. म्हटलं, तू डॉक्टर का? गप पड.

सह्या मी केल्या. इंग्रजीत चार पानं, कोण वाचतो! काढलेली पिशवी दाखवायला बोलावलं होतं. मला रक्त बघवत नाही, नको म्हटलं.

१२ फेब्रुवारी

खडे द्यायचेच विसरले! सगळीकडे बाटलीत घालून देतात. शेजारच्या माऊली नावाच्या पोराने आपल्या आईचे खडे टीव्हीशेजारी मांडून ठेवलेत. निरंजनला दाखवायचं कबूल केलंय. उद्या आणतो.

१३ फेब्रुवारी

काउंटरवरच्या मुलीने फाईल उघडली. "सर, गर्भपिशवीत खडे कुठून येणार?"

गर्भपिशवी!

मी नुसतं पिशवी म्हणालो. डॉक्टरही पिशवीच म्हणाले. कुठली, ते कुणी कुणाला विचारलंच नाही! आत गेलो तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सूज होती. सही तुमची आहे." न भांडताच बाहेर पडलो. गावात कळलं तर? निरंजनला कळलं तर?

येताना एका बांधकामावर थांबून बारीक खडी उचलली. बारा खडे निवडले. साबणाने धुऊन औषधाच्या बाटलीत घातले.

१४ फेब्रुवारी

सायली बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवत होती. "एवढे हुते व्हय माज्या पोटात?" आणि हसली.

निरंजनलाही दाखवली. "दादा, तुझं खरं," म्हणाला. हरला! जेवण मात्र गेलं नाही मला.

२ मार्च

मेधाचं ऑपरेशन झालं, रांगेतून. निरंजनचा एका शब्दाचा मेसेज — झालं.

इकडे सायलीला परत कळ. मी ओरडलो. खडे निघाले ना? ती बाटली बघ! आता नाटकं बंद.

८ मार्च

ती आता कण्हत नाही. पदर तोंडात कोंबून पडून राहते. बाटली उशाशी. सांगायला हवं. तिला नाही तर निदान कुठल्या तरी डॉक्टरला. लाज वाटते, हे खरं आहे. तिच्या दुखण्यापेक्षा माझी लाज मोठी झाली आहे, हेही खरं आहे.

उद्या सांगतो.

१९ मार्च

नाही सांगितलं. आज तिचे डोळे पिवळे, ताप. आई अंगणात उभी राहून ओरडली — "जयसिंगा, लेकरांची आय मारतूस व्हय?" सगळी गल्ली ऐकत होती.

२० मार्च

सरकारी दवाखाना. तोच बाक. डॉक्टरबाईंनी आधीचे कागद मागितले. हरवले, म्हणालो. सायलीने कापडी पिशवीतून बाटली काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "खडे तर समदे काढल्यात, म्याडम. हे बगा. मग आजून दुखतंय, त्ये माजं खोटंच आसंल न्हवं?"