पिकलेल्या फळांचे फोटो आणि माझे डोळे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय फळांची छायाचित्रे काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळ्यांचाही दाखला जोडला आहे. तो अकरा दिवसांपूर्वी हातात पडला आणि अजून माझा त्यावर विश्वास बसत नाही.

कलम १. तीन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. ते रागाच्या भरात लिहिले होते. मुलीचा माझ्या फोटोंवर काडीचाही हक्क नाही, आणि छापखानेवाल्यांना माझ्या मागे या घराचा उंबरा ओलांडू देऊ नये, असे त्यात होते. वकील म्हणाले, रद्द करण्याचे कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

चाळीस वर्षे मी एका रोपवाटिकेच्या वार्षिक पुस्तकासाठी फोटो काढले. वसंतात स्ट्रॉबेरी, मग चेरी, उन्हाळ्यात रास्पबेरी आणि आलुबुखार, थंडी पडू लागली की सफरचंद. फळ ऐन पिकलेले हवे, आदल्या दिवशीचे नको आणि दुसऱ्या दिवशीचेही नको, ही माझी ख्याती. पत्नी बरोबर असायची. ती पुढे जाऊन झुडपे बघायची आणि घ्यायच्या घोसाला पांढरा दोरा बांधायची. मी विचारले तेव्हा म्हणाली, "वाऱ्याने हलू नये म्हणून." मी दोरा सोडायचो आणि फोटो घ्यायचो. छापखान्यात रंग जुळवायलाही तीच बसायची. "तुम्ही उजेडाचं बघा, तिथलं कंटाळवाणं काम मी करते," म्हणायची. मला ते सोयीचेच होते.

चार वर्षांपूर्वी ती गेली. पुढच्या हंगामात मी एकट्याने फोटो काढले आणि मुलीला दाखवले. तिने ते सगळे दोनदा चाळले. मग म्हणाली, "बाबा, हे पाठवू नका."

"का?"

"नका ना पाठवू. मी येते, आपण पुन्हा काढू."

तिने मला म्हातारपणी कामातून काढायचे ठरवले आहे, असे मी धरून चाललो आणि फोटो पाठवले. पुस्तक छापून आले. रोपवाटिकेच्या मालकांचा फोन आला: "अहो, मुखपृष्ठावर कच्च्या स्ट्रॉबेरी? लोक हसताहेत आम्हाला." मी तडक छापखान्यात गेलो. छापखानेवाले माझे पंचवीस वर्षांचे मित्र. त्यांच्या कामगारांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोललो. माझ्या रंगांची त्यांनी वाट लावली, माझी पत्नी गेल्यावर कामात हयगय केली, असे म्हणालो. ते एवढेच म्हणाले, "तुमचं दुःख मोठं आहे. घरी जा." मला ते उद्धट वाटले. त्या संध्याकाळी मी वर सांगितलेले मृत्युपत्र लिहायला घेतले.

आता अकरा दिवसांपूर्वीचे. मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. पोरसवदा बाई, पण कामात चोख. त्यांनी ठिपक्यांचे एक पुस्तक पुढे धरले.

"आजोबा, आकडा वाचा."

"कुठे आहे आकडा? ठिपके आहेत सगळे."

त्यांनी पान उलटले. पुन्हा ठिपके. आठ पाने झाली. मला वाटले, बाई गंमत करताहेत.

"तुम्ही काय काम करायचात?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी पुस्तक मिटले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "हा मोतीबिंदू नाही. तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. हे जन्मापासूनचं आहे."

मी हसलो. मग पुस्तक मागून घेतले आणि पुन्हा पहिल्या पानापासून उलटले. पानांतली चेरी बोटांनी चाचपून शोधतात, सगळेच तसे शोधतात, असे मला एकाहत्तर वर्षे वाटत आले होते.

घरी येऊन मुलीला फोन केला. "तुला माहीत होतं?"

ती रडायलाच लागली. "मी नऊ वर्षांची होते, बाबा. मी आईला विचारलं, बाबा कच्ची रास्पबेरी का तोडतात? तिने माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाली, त्यांना कळलं तर ते कॅमेरा ठेवून देतील. मग त्यांच्याकडे काय उरेल?"

मी फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी जेवलो, तेही शेजारीणबाईंनी पुढ्यात ताट ठेवले म्हणून.

कलम २. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक मुलीला.

कलम ३. सर्व फोटो व निगेटिव्ह, कपाटातले आणि पलंगाखालचे, मुलीला. अट एकच. यापुढे ते कुठेही छापले तर खाली माझ्या पत्नीचे नाव आधी आणि माझे नंतर. रोपवाटिकेला तसे पत्र मी कालच टाकले आहे.

या ठिकाणी हेही नोंदवतो की पत्नीवर माझा राग आहे. तिने मला सांगायला हवे होते. मी कॅमेरा ठेवून दिला असता का? बहुधा दिला असता. तरीही सांगायला हवे होते. संसार दोघांचा होता आणि त्यातली एवढी मोठी गोष्ट मला एकट्याला ठाऊक नव्हती.

~~कलम ४. कॅमेरा, दोन्ही भिंगे आणि तिपाई छापखानेवाल्यांना, क्षमायाचनेसह.~~

वरील कलम सही करण्यापूर्वी मी स्वतः खोडले आहे. कारण असे. आज सकाळी मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना साक्षीसाठी सोबत घेऊन छापखान्यात गेलो आणि कामगारांसमोरच सगळे सांगितले. छापखानेवाले मशीन बंद करून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई माझ्या शेजारी बसून रंग सांगायच्या तेव्हाच मला कळलं होतं."

म्हणजे त्यांनाही! मी शिव्या दिल्या तेव्हाही हा माणूस हे बोलला नव्हता.

मी कलम चार वाचून दाखवले आणि साक्षीदार व्हाल का, असे विचारले. वकील म्हणाले होते की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार न होणे बरे. ते ऐकल्यावर छापखानेवाल्यांनी शाईचे हात पुसले आणि माझ्या खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले.

"मग खोडा ते. मी सही करतो."

कॅमेरा, भिंगे व तिपाई मुलीने तिच्या मर्जीने कोणासही द्यावी.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, मान्य केला.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर सह्या केल्या:
१. सही: छापखानेवाले
२. सही: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: छापखाना, कागद कापायचे टेबल
दिनांक: ३ ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा