करंजवंडीची अर्धी प्रदक्षिणा

कोथरूड, पुणे
३ डिसेंबर २०२४

ती. शकूताईस,
आप्पाचा शि. सा. न. वि. वि.

कानातल्या नव्या यंत्रानेही तुझ्याशी काडीमोड घेतला हे वाचून वाईट वाटले. पण मी स्वार्थी माणूस आहे. तुला फोनवर ऐकू येईना म्हणून तर आपली पत्रे पुन्हा सुरू झाली. यवतमाळच्या पोस्टमनलाही तेवढाच व्यायाम.

माझी रविवारची मंडळी जोरात आहेत. सोसायटीतले सात-आठ निवृत्त, दोन गाड्या, डबे, आणि पुण्याभोवतीची एकेक जुनी देवळे, लेणी, पडके बुरूज. सकाळी निघायचे, अंधाराच्या आत घरी. भुलेश्वर झाले, लोणी भापकर झाले, भाजे झाले. मी पुढे उभा राहून माहिती सांगतो आणि मंडळी माना डोलावतात. काही जण झोपेनेही डोलावत असतील.

परवाच्या रविवारी मात्र माझी फजिती झाली. मोठ्या हौसेने सगळ्यांना करंजवंडीला नेले. आठवते ना? सासवडच्या पुढे, नदीकाठचे महादेवाचे देऊळ. आई-दादा आपल्याला बैलगाडीतून घेऊन गेले होते, मी सात-आठ वर्षांचा असेन. तिथली ती दगडी बारव, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, हिरवे पाणी, आणि एका पायरीवर कोरलेले दोन मासे. दादांनी त्या पाण्याने माझे तोंड धुतले होते. गाडीत बसल्यापासून मी मंडळींना त्या बारवेचेच वर्णन ऐकवत होतो.

तिथे बारवच नाही! देवळामागे पाहिले, दक्षिणेला पाहिले, तटाबाहेर पाहिले. विचारायला माणूस नाही, अख्खा गाव लग्नाला गेलेला. शेळ्यांमागे एक बाई होती, ती ऊसतोडीला आलेली, बाहेरगावची. घरी आल्यावर सूनबाई, आपली तेजस्विनी, म्हणाली की बाबा, तुम्हाला लोणी भापकरची पुष्करणी आठवत असेल. तुझी स्मरणशक्ती सगळ्या नात्यात प्रसिद्ध. तू तेवढे एका ओळीत लिही की बारव होती, म्हणजे ते पत्र मी फ्रिजवर चिकटवतो.

एक गंमत. लहानपणीच्या त्या दिवशी मी देवळाबाहेर कावळ्यांना दगड मारत होतो हेही मला आठवते. का मारत होतो, ते नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, उलटटपाली आला तर अधिक बरे.
तुझा,
आप्पा


यवतमाळ
१० डिसेंबर २०२४

चि. आप्पास,
शकूताईचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचले. कुणी भावाला खूश करायला हवे तसे लिहीत असेल, मी ते कधी केले नाही आणि आता वय राहिले नाही.

करंजवंडी मला लख्ख आठवते. गाडीच्या एका बैलाचे शिंग मोडके होते. आईने पिठले-भाकरी आणि मिरचीचा खर्डा बांधून घेतला होता. देवळाच्या शिखरावर कळस नव्हता, कळसाच्या जागी गवत उगवले होते. दारासमोर मोठे कडुलिंबाचे झाड आणि त्याच्या पारावर काळ्या मुंग्या. परत येताना तू माझ्या मांडीवर झोपलास आणि माझ्या परकरावर लाळ गाळलीस. इतके सगळे ज्या बाईला आठवते, ती दगडी बारव कशी विसरेल? आप्पा, तिथे बारव नव्हती. मी होते ना तिथे.

रागावू नकोस. तेजस्विनी काळजीने बोलते, तिचे ऐक. आईचेही असेच सुरू झाले होते. नसलेली खोली घरात शोधायची आणि आपण हसायचो. तेव्हाच डॉक्टरांकडे नेले असते तर काही झाले असते की नाही, देव जाणे. तू आपला जाऊन ये. मला इथे बसून झोप लागत नाही.

मेथीचे लाडू पाठवले आहेत. तुझा लेक रविराज एकटाच फस्त करील, त्याच्यापासून लपव.
आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
शकूताई


कोथरूड, पुणे
१७ डिसेंबर २०२४

ती. शकूताईस,
आप्पाचा शि. सा. न. वि. वि.

लाडू मिळाले. पत्रही मिळाले. ते फ्रिजवर चिकटवले नाही.

विनोद करून पाहिला, जमत नाही. ताई, मला भीती वाटते. ते दोन मासे मला इतके स्पष्ट दिसतात की एकाचे शेपूट फुटके होते हेही मी सांगेन. हे जर मी मनाने रचले असेल, तर बाकीचे काय काय रचले आहे? रविराजची आई सुशीला गेली त्या दिवशी माझ्याशी जे बोलली, तेही मीच तिच्या तोंडी घातले का? आई शेवटी मला मामा समजून हाक मारायची आणि मी ओ द्यायचो. रविराजने मला तशी ओ द्यावी, हे मला नको आहे.

घरात सगळे फार गोड वागतात, त्यावरून प्रकरण गंभीर असावे. माझ्या स्कूटरची किल्ली सापडत नाही असे तेजस्विनी म्हणते. म्हणजे या घरात विसरतो कोण, हाही प्रश्नच आहे. सहा जानेवारीला डॉक्टर. त्यांनी काही तसे सांगितले तर रविवारच्या सहली बंद, एकट्याने बाहेर पडणे बंद. रविराज हे बोलला नाही, पण मला माझा मुलगा कळतो.

त्याआधी येत्या रविवारी एकदा करंजवंडीला जाऊन येणार आहे. नसलीच बारव, तर नाही म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन आणि मुकाट डॉक्टरपुढे बसेन. तेजस्विनी सोबत येते आहे. तिला देवळांचे काडीचेही वेड नाही, त्यामुळे हा पहारा आहे हे उघड आहे.

तू खरे लिहिलेस त्याचा राग नाही. खोटे लिहिले असतेस तर मला लगेच कळले असते.
तुझ्या आशीर्वादाची या खेपेस जरा जास्तच गरज असलेला,
आप्पा


कोथरूड, पुणे
२३ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,
तेजस्विनीचा सा. न. वि. वि.

मायना रविराजला विचारून लिहिलाय, चुकला असेल तर त्याला ओरडा. शाळेनंतर पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. बाबा म्हणाले की मी लिहिलं तर ताईला खरं वाटणार नाही, तू लिही.

बारव आहे! आधी एवढं वाचून घ्या, मग बाकीचं.

आम्ही काल सकाळी पोचलो. मला गाडीत अपराधी वाटत होतं, कारण डॉक्टरांची वेळ मी घेतली होती आणि किल्लीही मीच माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवली होती. दर्शन झालं. बाबा डाव्या बाजूनं देवळाला फेरी मारायला लागले आणि मागून उत्तरेला, जिथे पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं, त्या दगडी गोमुखापाशी थांबून उलटे फिरले. महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा, ती पाण्याची वाट ओलांडायची नाही, असं त्यांनी मला समजावलं. माझं बालपण खडकीत गेलं, वडील दारूगोळा कारखान्यात, आमच्याकडे सणावारी चतुःशृंगी एवढंच. मला हे ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. रविवारी! रेंज येत-जात होती, म्हणून मी बोलत बोलत पुढे गेले आणि ती पाण्याची वाट कधी ओलांडली ते कळलंही नाही. पलीकडे गावानं पत्र्याचा मांडव आणि यात्रेच्या भांड्यांची खोली बांधलीय, त्यामुळे देवळाचा तो कोपरा समोरून दिसतच नाही. खोलीमागे घाणेरीचं रान. रेंजसाठी मी त्यात शिरले आणि पायाखाली घडीव दगड लागला. मग दुसरा, त्याच्या खाली. साहेब फोनवर बोलत राहिले, मी फोन कट केला आणि बाबांना हाका मारल्या.

बाबा गोमुखापाशी आले आणि तिथेच थांबले. पाय पुढे टाकवेना. मी रडत होते, म्हणजे आनंदानं, पण त्यांना वाटलं मला काटा लागला, म्हणून ते आले ओलांडून. खाली पाणी आहे, हिरवंच आहे. वरच्या पायरीवरचा पाला मी ओढणीनं झाडला. दोन मासे. एकाचं शेपूट फुटकं. बाबा तिथे बसले आणि बराच वेळ त्या माशांवर हात ठेवून होते.

देवळाशेजारच्या सरुबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बारव हाय की, आधी नदीकडनं वाट व्हती तवा समदे तिथनंच यायचे, आता नवी सडक पुढनं आली, घरोघरी नळ आले, कोन जातंय तिकडं. म्हणजे लहानपणी बाबा त्या बाजूनं आले होते, आणि आता रूढीमुळे नेमका तेवढाच कोपरा सोडून सगळं धुंडाळत होते.

किल्ली परत दिली. फोटो सोबत आहेत, रविराजनं दुकानातून काढून आणले. एका फोटोत दारासमोरचं झाड आहे, पारावर बसून मी बूट घालतेय.

तुमची माझ्यावरही माया असू द्या, म्हणजे मी अजून पत्रं लिहीन.
तेजस्विनी


यवतमाळ
३० डिसेंबर २०२४

चि. आप्पास,
शकूताईचे अ. उ. आ. वि. वि.

सूनबाईचे पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली. मग दुसरीच धास्ती बसली. तुझे बरोबर, म्हणजे माझे चुकले. तू नाही तर मी. दोन दिवस मी घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते मनाशी म्हणत फिरत होते. इतकी घाबरले होते की शेजारच्या ऋतुजालाही बोलले नाही.

काल पुन्हा फोटो काढून बसले. बारवेचा पाहिला, काही ओळख पटेना. मग तो झाडाचा हातात आला. कडुलिंब, पार, आणि त्यावर बसलेली तेजस्विनी. आप्पा, ती माझी जागा आहे. मी तिथे बसले होते. सगळा वेळ.

मला त्या दिवशी गाडीतच कावळा शिवला, आयुष्यात पहिल्यांदा. मला काय झाले तेही कळत नव्हते. आईने मला पारावर बसवले, पिशव्या राखायला सांगितल्या आणि कोणी विचारले तर पोट दुखते म्हण, असे बजावले. तुम्ही तिघे नदीकडच्या वाटेने आत गेलात. मी कळस नसलेले शिखर बघत बसले, मुंग्या बघत बसले. मला करंजवंडीचे सगळे आठवते ते त्या झाडाखालून दिसते तेवढेच. बारव मी विसरले नाही. ती मला कोणी दाखवलीच नाही.

आणि तू बाहेर आलास, मी का रडते म्हणून आईला विचारलेस. ताईला कावळा शिवला, एवढेच तिने सांगितले. मग तू खिशात दगड भरलेस आणि झाडावरच्या सगळ्या कावळ्यांना पळवून लावलेस. दादा ओरडले तरी थांबला नाहीस. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने इतके कोणी भांडले नाही. आता कळले ना, का मारत होतास?

तुला आईसारखे झाले असे मी लिहिले, ते पत्र फाडून टाक. मला बारव बघायची आहे. थंडी ओसरली की येते. गुडघ्यांचे मी बघते, तू गाडीचे बघ.
आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला मायेचे जरा वरचढ.
शकूताई


कोथरूड, पुणे
८ जानेवारी २०२५

ती. शकूताईस,
आप्पाचा शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला लावले, आकडे उलटे म्हणायला लावले, शब्द लक्षात ठेवायला लावले. मी त्यांना करंजवंडीचा इतिहास सांगितला, तो त्यांनी विचारला नव्हता. शेवटी म्हणाले की वयाच्या मानाने डोके उत्तम आहे, फक्त चष्म्याचा नंबर बदला. बाहेर आल्यावर रविराजने मला रस्त्यातच मिठी मारली. कोथरूडच्या फुटपाथवर असले काही करायची पद्धत नाही, पण मी चालवून घेतले.

तुझे पत्र मी एकट्याने वाचले. मग पुन्हा वाचले. आधीचे फाडले नाही. खरे बोलणारी बहीण असल्याचा तो पुरावा आहे.

लौकर ये. मंडळींनी कोयते घेऊन घाणेरी साफ करायला घेतली आहे, गावकरीही हाताशी आले आहेत.
वाट बघणारा,
आप्पा


यवतमाळ
३ मार्च २०२५

चि. आप्पास,
शकूताईचे अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. गुडघे दोन दिवस बोलत होते, आता गप्प आहेत. तेजस्विनीने दिलेली बाकरवडी इथे पोचेपर्यंत टिकली नाही. बसमध्ये शेजारी बोलकी बाई होती, मला ऐकू येत नाही असे तिला सांगितले तरी ती बोलत राहिली, मग मी तिला खायला दिले.

तिथे जे बोलायचे राहिले ते लिहिते. गोमुखापाशी तू सवयीने थबकलास आणि माझ्याकडे पाहिलेस. मी मनात म्हटले, महादेवाने मला तेव्हाही अडवले नव्हते, अडवणारी माणसे होती आणि त्यांनाही कुणीतरी तसेच शिकवले होते. आईवर राग नाही. ओलांडले, आणि काही झाले नाही. पाय ओला झाला एवढेच.

एकटीला उतरू दे म्हणाले तेव्हा तुला काळजी वाटली, मला दिसले. तरी तू माझ्या चपला, पिशवी आणि काठी घेऊन मागे गेलास. मी बसत बसत पायऱ्या उतरले. माशांवर हात ठेवला, तुझा ठेवलेला तिथेच. मग दादांनी तुझे धुतले तसे माझे तोंड मी धुतले. पाणी फार गार होते रे. थोडी रडले, मग हसले, मग पुन्हा पाणी घेतले.

वर येऊन तुला शोधले तर तू पारावर. कडुलिंबाखाली, मुंग्यांमध्ये, मांडीवर माझी पिशवी धरून. आणि माझ्या डब्यातला चिवडा कावळ्यांना घालत होतास.

माया होती तशीच आहे, तिला वाढायला आता जागा उरली नाही.
तुझी,
शकूताई