माऊस नेला की डोळे उघडतात

३ जानेवारी २००५, महाड

आलो एकदाचे. राजेशची इथल्या एमआयडीसीत बदली झाली तेव्हा आठवडाभर मी तोंड फुगवून होते, पण खोली पाहिली आणि राग गेला. चवदार तळ्याच्या मागे, दोन मोठ्या खिडक्या, सकाळचं ऊन थेट ओट्यावर. घाट उतरताना मला गाडी लागली होती. पोलादपूरला राजेशने लिंबू सरबत पाजलं आणि पुढे महाडपर्यंत माझ्या ओकारीची नक्कल करत आला. लग्नाला दोन वर्षं झाली तरी या माणसाचा पोरकटपणा जात नाही. जाऊ पण नये.

७ जानेवारी

मला नोकरी लागली! महिपतीकाकांच्या फोटो स्टुडिओत, वेबसाइट बनवायची. काका सत्तरीचे आहेत आणि त्यांची कला अजब आहे. डोंगरातल्या वाड्यांवर म्हातारं माणूस गेलं की पुष्कळदा घरात त्याचा एकही फोटो नसतो. मग उचलण्याआधी कुणीतरी घाईने एक काढून ठेवतं, आणि दिवस झाले की मुलगा तो फोटो घेऊन काकांकडे येतो. काका बारीक ब्रशने त्यावर उघडे डोळे रंगवतात. भिंतीवर लावलेला तो फोटो पाहून कुणाला पत्ता लागणार नाही, इतके जिवंत डोळे.

काकांचा पुतण्या सहदेव मुंबईला असतो, वेबसाइटची हौस त्याची. मी त्याला फोनवर माझी कल्पना सांगितली: आधी मिटलेल्या डोळ्यांचा फोटो दिसेल, त्यावर माऊस नेला की डोळे हळूहळू उघडतील आणि माऊस काढला की पुन्हा मिटतील. सहदेव भलताच खूश झाला. काका मात्र म्हणाले, गिऱ्हाइकांची माणसं या खेळात घालायची नाय.

आज एका नवरीचे डोळे फोटोत मिटले होते. काकांनी निगेटिव्हचा तो तुकडा कात्रीने कापून जाळून टाकला. जित्या माणसाचं मिटलेलं डोळं स्टुडिओत ठेवायचं नाय, म्हणाले. मला हसू आवरेना.

१० जानेवारी

गिऱ्हाइकांचे फोटो नाहीत तर नमुना आणू कुठून? शेवटी राजेश कामाला आला. काल आम्ही हिरकणीवाडीला गेलो होतो, रोपवेने गडावर जाऊन आलो. तो रांगेत उभा असताना मी त्याचे लागोपाठ दोन फोटो काढले, त्यातल्या एकात नवरोबा डोळे मिटून. आयती जोडी! दोन्ही फोटो वेबसाइटवर चढवले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये इफेक्ट इतका सुरेख दिसतो की मी दुपारभर नवऱ्याचे डोळे उघडमीट करत बसले.

संध्याकाळी राजेश म्हणाला, दुपारी कारखान्यात सारखी डुलकी येत होती. रोपवेची दगदग असेल.

१४ जानेवारी

संक्रांत. राजेशला सुट्टी होती. मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला तेवढ्यात सहदेवचा फोन आला. त्याने फायरफॉक्स नावाचा नवा ब्राऊझर घेतलाय, त्यात इफेक्ट चालत नाही म्हणे. माऊस कितीही फिरवला तरी फोटोतल्या माणसाचे डोळे मिटलेलेच. मी त्याला समजावत होते की दोन्ही ब्राऊझरांना हा इफेक्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगावा लागतो, मी दुरुस्त करते.

राजेश समोर उभा होता, तिळगूळ तोंडापाशी, डोळे मिटलेले. फोटोची नक्कल करतोय असं वाटलं. मी चिमटा काढला. हलवलं. सहदेव म्हणाला, बरं, केलं बंद. राजेशने डोळे उघडले आणि तिळगूळ खाल्ला. त्याला काहीच आठवत नव्हतं.

१७ जानेवारी

मी आज जे केलं ते लिहायला हात होत नाही. राजेश मला न्यायला स्टुडिओत आला, स्टुलावर बसला. मी तेच पान उघडलं. त्याची मान कलली, डोळे मिटले. फोटोवर माऊस नेला. उघडले. काढला. मिटले. पुन्हा नेला.

मग मी दोन्ही फोटो वेबसाइटवरून काढून टाकले. हेच आधी सुचायला हवं होतं, असं वाटलं. पण पानावर रिकामा चौकोन आणि लाल फुली आली, आणि राजेशचा श्वास थांबला. खरंच थांबला. ओठ निळे पडले. फोटो परत चढवेपर्यंत मी देवाचं नाव घेत होते की शिव्या देत होते, माहीत नाही. त्याने एकदम श्वास घेतला आणि विचारलं, निघायचं ना?

फोटो काढता येत नाहीत. म्हणजे सगळीकडे इफेक्ट नीट चालायलाच हवा. माझ्यासमोर दुसरा रस्ता नाही.

२० जानेवारी

फायरफॉक्सचं जमलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पण सहदेवने सगळ्या मित्रमंडळात सांगितलंय, मुंबईत जो तो पान उघडून बघतोय. कुणाचा ब्राऊझर ऑपेरा, कुणाचा जुना नेटस्केप. एकीकडे दुरुस्त केलं की दुसरीकडे बिघडतं. राजेश जेवताना घास हातात धरून थांबतो. जिन्यावर पडला. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, टॉनिक दिलं.

२३ जानेवारी

सहदेवला विनवलं, लोकांना पान उघडू नका म्हणून सांग. तो हसला. आता तर जास्तच उघडतायत.

काकांना सगळं सांगितलं. ते मटकन खाली बसले. मिटलेला फोटू तवाच जाळायचा गो, म्हणाले. जाळू कुठे? तो कागदावर नाही, मुंबईतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आहे.

ऑपेरा जमला. एक्सप्लोरर बिघडला —

२५ जानेवारी

राजेश आज दिवसभर उठला नाही. मध्येच डोळे उघडतो, मला शोधतो, बोलायला तोंड उघडतो, की तिकडे कुणीतरी माऊस काढतं. एकदा फक्त म्हणाला, गौतमी, काळोख आहे.

मला तो हवाय. बाकी काही नको.

२६ जानेवारी

सुचलं! इफेक्टच काढून टाकायचा. मिटलेला फोटो नको, माऊस नको, काही उघडायला नको आणि मिटायला नको. उघड्या डोळ्यांचा एकच फोटो, साधा. तो कुठल्याही ब्राऊझरमध्ये सारखाच दिसेल. इतकी साधी गोष्ट —

केलं. सहदेवने सगळीकडे उघडून पाहिलं, सगळीकडे सारखं. खोलीवर धावत आले. राजेश उठून बसलाय, डोळे टक्क उघडे. मी त्याला मिठी मारली.

२७ जानेवारी

बोलत नाही. चहा ओठांतून खाली ओघळतो. पापणी लवलेली मी अजून पाहिली नाही. मीच हाताने मिटायला गेले — मिटत नाहीत.

छातीला कान लावला. माझ्याच कानातले ठोके असतील, काही कळत —

२७, दुपार

काका आले. दारातच थांबले. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, याचं डोळं कोनी रंगवलं गो?

मी त्यांना बाहेर घालवलं. ओरडले त्यांच्यावर.

ओढणीचं टोक ओलं केलं. एकाच डोळ्यावरून फिरवलं, हळूच. टोकाला काळा रंग आलाय. खाली पापणी आहे. मिटलेली. गार —

दुसरा पुसला तर तो माझ्याकडे बघणार नाही. नाही पुसला तर —